भूखारीचा उन्हाचा हिशेब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वाळवंटातल्या भूखारींवर, म्हणजे जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारींवर, काम करायचं म्हणतोस आणि राहतोस बेळगाव जिल्ह्यात. जोधपूरचं तिकीट काढायच्या आधी एक ऐक. थरच्या वाळवंटात भूखार नाही. तिथं दिवसाढवळ्या बिळाबाहेर वावरणारा प्राणी म्हणजे वाळवंटी जर्बिल, तो उंदरांच्या गोतातला. भूखारींच्या गोतातलं आपल्या देशात मार्मोट आहे. ते लडाखच्या थंड वाळवंटात राहतं. रणरणत्या उन्हातल्या भूखारी बघायच्या तर उत्तर अमेरिकेतली मोहावी आणि सोनोरा, आफ्रिकेतलं कलहारी, मध्य आशियातलं काराकुम ही वाळवंटं नकाशावर शोध.

आणि नुसतं 'भूखार' असं कधी लिहू नको. कोणती, ते लिही. कलहारीतली केप भूखार वर्षभर बाहेर असते, कळपानं राहते, शेपटी पाठीवर छत्रीसारखी धरते आणि सूर्याकडे पाठ करून चरते. कॅलिफोर्नियातली मोहावी भूखार साधारण फेब्रुवारी ते जुलै एवढीच वर दिसते, बाकीचे महिने जमिनीखाली झोपून. पाऊस दगा देईल त्या वर्षी ती पिल्लंच घालत नाही. कुणी ऑक्टोबरात तिथं जाऊन 'प्राणी आढळला नाही' असं वहीत लिहिलं, तर ती नोंद कॅलेंडरची झाली, प्राण्याची नव्हे. नवशिक्यांची ही चूक नेहमीची.

तुझ्या कामाला खरी उपयोगी पडेल ती पांढऱ्या शेपटीची अँटिलोप खार. वजन जेमतेम शंभर ग्रॅम. मोहावीत ती ना उन्हाळ्यात झोपते ना हिवाळ्यात, भर उन्हातही फिरते. लोक म्हणतात, तिला ऊन सोसतं. सोसत नाही; ती उष्णता उधार घेते आणि बिळात जाऊन फेडते. बाहेर धावपळ करताना तिचं शरीर तापतं, त्रेचाळीस अंशांपर्यंत चढलेलं तिला चालतं. मग ती बिळात शिरते किंवा सावलीतल्या गार मातीवर पोट टेकून पसरते, अंग निवलं की परत बाहेर. फारच तापली तर तोंडाची लाळ डोक्यावर चोळते, पण तो शेवटचा उपाय, कारण त्यात पाणी जातं.

आता कागद घे. एक ग्रॅम शरीर एक अंशानं तापायला साधारण ०.८३ कॅलरी लागते. शंभर ग्रॅमची खार चार अंशांनी तापली तर ३३० कॅलरी अंगात साठल्या. तेवढीच उष्णता घामासारखी पाणी उडवून घालवायची, तर ग्रॅमला ५८० कॅलरी या दरानं अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त पाणी लागलं असतं. दिवसात अशा दहा फेऱ्या धर. पाच-सहा ग्रॅम पाणी वाचलं, म्हणजे वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त. एवढं वाचवूनही कोरड्या बियांवरच तिचं भागत नाही, पाण्यासाठी हिरवा पाला आणि किडे लागतात. उंटही दिवसभर उष्णता साठवतो, पण तो पाण्याचा हंडा आहे. खार म्हणजे चहाची वाटी, काही मिनिटांत तापते आणि काही मिनिटांत निवते. म्हणून तिच्या फेऱ्या छोट्या.

हा हिशेब जमिनीच्या गारव्यावर चालतो, आणि तो गारवा तुला अथणी-सौंदत्तीकडच्या मुरमाड माळावर मोजता येतो. तारेच्या टोकाला सेन्सर असलेले चार डिजिटल थर्मामीटर घे. आधी बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून चारही बुडव, शून्य दाखवायला हवं. जो चुकतो त्याची चूक त्याच्यावरच चिकटपट्टीनं लिही. उकळत्या पाण्यात शंभर येईल म्हणून वाट बघू नको. बेळगाव शहर साडेसातशे मीटर उंचीवर आहे, पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं.

पहारीनं भोकं पाड: दहा, पंचवीस, पन्नास सेंटिमीटर. चौथा सेन्सर पृष्ठभागावर, वर मातीची पातळ चिमूट. तार सोडल्यावर भोक त्याच मातीनं ठासून बुजव. पोकळी राहिली तर वरची गरम हवा खाली उतरते आणि तुझे आकडे खोटे पडतात. पहिल्या दिवसाच्या नोंदी टाकून दे, माती हलवल्यानं त्या बिघडलेल्या असतात. मग सकाळी सहा ते संध्याकाळी सात, दर पंधरा मिनिटांनी. दहा सेंटिमीटरवरचा चढ पृष्ठभागाच्या मागून तीन-चार तासांनी येतो. पन्नासवर दिवस-रात्रीचा फरक जवळपास मावळतो. बिळाची खोली का लागते, ते त्या तक्त्यातच दिसेल.

हे काम काळ्या रानात करू नको. एप्रिलमध्ये तिथं भेगा पडतात, आणि भेगेत गेलेला सेन्सर मातीचं नाही, हवेचं तापमान सांगतो. शिवाय काळी माती ओली झाली की फुगते, बिळाच्या वाटा बुजवते. म्हणून बिळं बघायची तर बांधावर, मुरमावर. कुठं आहेत ते गुराख्यांना विचार. बिळाला कन्नडमध्येही 'बिल'च म्हणतात आणि खारीला 'अळिलु', तेव्हा भाषेचा खोळंबा होणार नाही.

शेपटीच्या छत्रीनं अंग खरंच कमी तापतं का, हा प्रश्न घरीच सुटेल. पातळ पत्र्याचे हाताएवढे दोन सारखे डबे मातीच्या रंगानं रंगव, चकाकी नको. प्रत्येकात एक सेन्सर लोंबता ठेव, पत्र्याला चिकटू देऊ नको. तोंडं बंद कर. दोन्ही उन्हात ठेव, एकावर दोन बोटं वर पुठ्ठ्याची पट्टी धर. अर्ध्या तासानं वाच, मग पट्टी दुसऱ्या डब्यावर बदलून पुन्हा वाच. बदललं नाहीस तर फरक सावलीचा की डब्याचा, ते कळणार नाही.

घराजवळच्या खारींचा सराव चालू ठेव, त्या झाडावरच्या असल्या तरी. दुर्बीण, वीसेक मीटर अंतर, दर पाच मिनिटांनी एकच शब्द: चरते, बसली, पसरली, सावलीत, दिसत नाही. शेवटचाही लिही, तो गाळला की आकडे खार सतत बाहेरच होती असं दाखवतात. पाठीवरचे पट्टे तीन की पाच तेही मोज.

बिळात हात घालू नको. फुरसं, घोणस, नाग यांनाही तो गारवा कळतो. बांधावर बसायच्या आधी काठी आपट, बूट चढवताना झाड. पहिले तीन दिवस झाले की तक्ता पाठव, कच्चा असला तरी, खाडाखोड तशीच ठेवून.