तो फोन तुम्हीच केला होता, हे त्याला सांगा

पत्र नाशिकहून आलंय. अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर असलेल्या वडिलांचं. मुलगा अकरावी सायन्सला, दहावीला 84 टक्के. वर्षभर दर रविवारी नाशिकच्याच सिडको भागातल्या एका कलासंस्थेत जायचा. वस्तीतल्या मुलांना तिथे चित्रकला शिकवतात, भिंती रंगवतात. सहामाहीत फिजिक्स उडालं. वडील म्हणतात, 'चित्रकलेत स्कोप नाही असं स्पष्ट लिहा, तुमचं ऐकेल.'

नाही लिहिणार. मार्कांचं राहू द्या, मला तुमची दुसरीच ओळ टोचली : 'संस्थेला परस्पर फोन करून याला बोलावू नका म्हणून सांगितलं. त्याला अजून माहीत नाही.' म्हणजे गेले तीन रविवार पोरगा घरात बसून आपलं काय चुकलं याचा विचार करतोय. जेवताना मोबाइल पालथा घालून ठेवतो, हेही तुम्हीच लिहिलंय. अहो, फिजिक्सचा पेपर पुन्हा देता येतो. पण हे त्याला बाहेरून कळलं, तर यापुढे तो तुम्हाला काही सांगायचा नाही. आणि कळणारच, सिडकोत अशी गोष्ट किती दिवस लपते?

आता तुमचा गैरसमज. 'ना नफा संस्था म्हणजे फुकटची हमाली, तिथे कुणाचं पोट भरत नाही.' ना नफा याचा अर्थ एवढाच, की उरलेला पैसा चालकांनी वाटून घ्यायचा नाही. पगार द्यायचा नाही, असा नाही. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालयच घ्या. 1840 पासूनची संस्था, मालक कुणी नाही. परशुराम साईखेडकर नाट्यगृह तिचंच. म्हणून तिथला कर्मचारी काय धर्मादाय काम करतो? कलासंस्थांनाही देणग्या मिळतात, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा मिळतो. 2013 च्या कंपनी कायद्यात कला-संस्कृतीवरचा खर्च त्यात बसतो. तो पैसा आणणारी, त्याचा हिशेब देणारी माणसं पगारावर असतात. पगार कंपनीपेक्षा बहुधा कमीच, आणि प्रकल्प संपला की नोकरीही डळमळते. हे लपवत नाही. पोरांना 'अनुभव मिळेल' म्हणून राबवून घेणाऱ्या संस्थाही मी पाहिल्यात. म्हणून नोंदणी आहे का, ऑडिट होतं का, शिकवणाऱ्या कलाकारांना मानधन मिळतं का, एवढं तिथे जाऊन विचारा. फोनवर नको.

आणखी एक. मुलगा चित्रं कशी काढतो, याबद्दल तुमच्या चार पानांत एक ओळ नाही. त्याने काय केलं, तर रंगाच्या दुकानदाराकडून सूट मिळवली, भिंतीच्या परवानगीसाठी महापालिकेत खेटे घातले, चाळीस मुलांचे ब्रश मोजून वहीत टिपले. तक्रार म्हणून लिहिलंत खरं, पण मला त्यात चित्रकार कमी आणि उपक्रम उभा करणारा माणूस जास्त दिसतो. तसं असेल तर फाइन आर्टचा हट्ट त्यानेही धरू नये. कुठलीही नीट पदवी, मग एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा व्यवस्थापन, असाही रस्ता आहे. सायन्स झेपत नसेल तर कॉमर्सला जाण्यात काही कमीपणा नाही. अशा संस्थांना हिशेब कळणाऱ्या माणसाची गरज कायम असते.

चित्रच काढायचं असेल, तर बारावीनंतर बी.एफ.ए.साठी, म्हणजे फाइन आर्टच्या पदवीसाठी राज्याची सीईटी, डिझाइनसाठी एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा नाहीतर आयआयटीची यूसीड. केंद्राची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयासाठी आहे, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं; पण तिला आधीचं पाच वर्षांचं शिक्षण लागतं. त्याला अवकाश आहे.

आज रात्री जेवणं झाली की त्याला सांगा, फोन मी केला होता. चिडेल, चिडू द्या, मध्ये बोलू नका. मग त्याच्यासमोर संस्थेला पुन्हा फोन लावा. येत्या रविवारी स्कूटरवर त्याला घेऊन जा आणि तासभर मागे बसून बघा. पुढचं पत्र त्याला लिहू द्या.