थंडीआधीची कोथिंबीर, मेथी आणि पुदिना : पेरणी व वाळवण

प्रश्न : पुरंदर तालुक्यात आमची पाच गुंठे बागायत जमीन आहे. तीत कोथिंबीर, मेथी आणि पुदिना घेऊन बचत गटामार्फत वाळवून विकण्याचा विचार आहे. दुकानदाराने आताच पेरणी करून युरियाची एक गोणी आणि जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाची फवारणी करायला सांगितली आहे. घरचा कढीपत्ताही पिवळा पडतो आहे. काय करावे?

उत्तर : युरियाची गोणी आणली नसेल, तर आणू नये. कोथिंबिरीला पेरणीनंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी हेक्टरी ४० किलो नत्र पुरते, म्हणजे गुंठ्याला एक किलोहून कमी युरिया. ४५ किलोंची गोणी पाच गुंठ्यांत ओतल्यास मात्रा दहापट होते. मेथी तर द्विदल पीक आहे, मुळांवरील गाठींतून हवेतले नत्र मिळवते, म्हणून तिला त्याहूनही कमी लागते. जास्त नत्राने पान लुसलुशीत दिसते, पण त्यावर मावा (रस शोषणारी कीड) लवकर येतो, आणि माव्यासाठी पुन्हा त्याच दुकानात जावे लागते. असे पान वाळताना काळे पडते, वासही धरत नाही.

जिबरेलिक ॲसिडने जुडी लांब दिसते, म्हणून मार्केट यार्डात माल नेणारे ते वापरतात. वाळवणीत मात्र काडीच हाती येते. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. दहा किलो पाला वाळून सुमारे किलो-सव्वा किलो उरतो. पाणी उडाले तरी फवारलेल्या औषधाचा अंश पानावरच राहतो. म्हणून वाळवणीच्या वाफ्यात रासायनिक कीटकनाशक नकोच. माव्यासाठी पिवळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क एवढ्यावर भागवावे.

परतीच्या पावसाने जमीन चिंब असताना पेरणीची घाई करू नये. दिवाळीचा भाव दाखवून दुकानदार घाई करतात आणि रोपे मर रोगाने बसली की बुरशीनाशक विकतात. वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल जाऊन जमीन नुसती ओलसर राहिल्यावरच पेरावे. धने रगडून फोडावेत, बारा तास भिजवावेत आणि किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावा. सगळे क्षेत्र एकदम न पेरता दर आठ-दहा दिवसांनी एक वाफा पेरावा, हा माझा आग्रह आहे. कारण गटाकडे सावलीची जागा मर्यादित असते आणि एकाच दिवशी कापलेला ढीग दुसऱ्या दिवशी सडू लागतो. वाळवणीसाठी साधी मेथी न घेता कसुरी घ्यावी. ती हळू वाढते, पण तिला थंडी मानवते, वास तिचाच टिकतो आणि एकाच पेरणीत अनेक कापण्या मिळतात. पुदिना काड्यांपासून लावावा आणि फुलावर येण्याआधी कापावा.

कापणी सकाळी दव उडाल्यावर करावी. पाला धुऊन, निथळून, सुती कापडावर पातळ थरात पसरावा आणि तो सावलीतच वाळवावा. लवकर वाळते म्हणून उन्हात घातलेल्या मेथीचा रंगही जातो आणि वासही जातो. पान बोटांत चुरचुरले, की हवाबंद डब्यात भरावे. ओल राहिल्यास डब्यात बुरशी धरते. कोथिंबीर वाळवू नये, तिचा वास टिकत नाही. ती ताजी विकावी आणि एक वाफा धन्यासाठी राखावा.

गटाला वाळवणीचे यंत्र घ्यायचे असल्यास २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत कर्जाशी निगडित ३५ टक्के अनुदानाची तरतूद होती. योजना आता सुरू आहे का आणि गटाला किती अनुदान मिळते, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे. यंत्र विकणाऱ्याने सांगितलेल्या अनुदानाच्या आकड्यावर विसंबू नये.

कढीपत्त्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी दिसते आणि युरियाने बरी होत नाही. जुनी पाने पिवळी होऊन गळत असतील, तर आधी बुंध्याशी पाणी साचते का ते पाहावे. थंडीत या झाडाची वाढ मंदावते, त्यामुळे वर्षभरासाठी लागणारी पाने आत्ताच तोडून सावलीत वाळवावीत.