‘पिक अप’ची यादी मुलाकडून घोकून घेऊ नका

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा आठवीत, बेळगावात मराठी माध्यमात, इंग्रजीतल्या ‘पिक अप’ या क्रियापदाचा एक शब्दशः अर्थ आणि सहा-सात लाक्षणिक अर्थ अशी यादी त्याला पाठ करायला दिलीय, आणि वाक्यात आलं की तो गोंधळतो. यादी घोकून घ्यावी, की सरळ इंग्रजी माध्यमात घालावं? माझं उत्तर, दोन्ही नको. आणि जरा लांबण लागेल, कारण नेमक्या याच क्रियापदावरून भर वर्गात माझं हसं केलं गेलं होतं.

आमचं गाव कडोलीच्या बाजूचं. आई भाजी घेऊन बेळगावच्या बाजारात बसायची आणि सुट्टी असली की मीही तिच्याबरोबर. पहाटे उपटलेल्या मेथीच्या मुळांना माती तशीच असायची. आई एक पेंडी उचलणार, दोनदा झटकणार, वर पाण्याचा हात मारणार आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघणार. बैलहोंगल-सौंदत्तीकडचं माणूस असलं की ते ‘एष्टु री?’ (कितीला हो?) म्हणायच्या आधीच तिला कळायचं. मग सगळं कन्नडमध्ये. भाव, घासाघीस, पाऊसपाणी, पोरीचं लग्न ठरलं का. आईला कन्नडचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, बसवरची पाटी मी वाचून सांगायची. पण गिऱ्हाईक ‘जास्ती आत्री’ (जास्त झालं हो) म्हणालं, तर ‘बिडरी’ (राहू द्या) कुठल्या सुरात म्हणायचं म्हणजे ते दोन पावलं जाऊन परत येतं, हे तिला पक्कं ठाऊक. शाळेत कन्नड विषय मलाही होता आणि मार्क बरे पडायचे. पण बोलायची कन्नड मला त्या गोणपाटावर आली. कोणी शिकवली नाही, मीही शिकायला म्हणून बसले नव्हते.

पुढे कॉलेजात, पहिल्या वर्षाला, इंग्रजीच्या तासाला सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, किती भाषा येतात आणि कशा शिकलात. मी म्हटलं, ‘आय पिक्ड अप कन्नडा इन द मार्केट.’ सर थांबले आणि म्हणाले, ‘व्हॉट डिड यू पिक अप? ब्रिंजल्स?’ पुढच्या बाकांवर कॅम्पातल्या कॉन्व्हेंटच्या मुली होत्या. आधी त्या हसल्या, मग सगळा वर्ग. वर सरांनी मराठीत समजावलं, ‘भाषा शिकतात, उचलत नाहीत. उचलतात ते ओझं. लर्न्ट म्हण.’

त्याच संध्याकाळी ग्रंथालयात मोठी डिक्शनरी काढली. ‘पिक अप’खाली तो अर्थ स्वच्छ छापलेला होता. दुसऱ्या दिवशी पानात खूण घालून सरांपुढे नेलं. पान न बघताच म्हणाले, ‘हे बोलण्यातलं आहे. मराठी मीडियमच्या मुलांनी आधी साधं इंग्रजी लिहायला शिकावं.’ तेव्हा शहराचं नाव कागदोपत्रीही बेळगावच होतं, ‘बेळगावी’ 2014च्या नोव्हेंबरात झालं. म्हणजे गोष्ट जुनी आहे. तरी ते शेवटचं वाक्य मला आजही खुपतं. कारण माझं वाक्य बरोबर होतं, आणि ते बरोबर येण्याचं कारणच माझं मराठी होतं.

तुम्हीच सांगा, ‘पोरगी हुशार आहे, भाषा पटकन उचलते’ हे आपल्याकडे कुठल्या घरात म्हणत नाहीत? सर घरी मराठीच बोलत असणार, त्यांनीही म्हटलं असेल.

‘उचलणे’ एकदा नीट चालवून बघा. पिशवी उचलली, पिक अप. फोन उचलला, पिक अप. पोलिसांनी पोराला चौकातून उचललं, इंग्रजी बातमीतही पोलीस ‘पिक अप’च करतात. सगळ्यांच्या जेवणाचा खर्च मामांनी उचलला, तिथेही बिल ‘पिक अप’ केलं असंच म्हणतात. जुनी सायकल स्वस्तात उचलली, तसंच. काल सोडलं तिथून विषय परत उचलला, तसंच. दिवाळीच्या तोंडावर धंद्याने उचल खाल्ली, ‘बिझनेस पिक्ड अप’. यादीतले निम्म्याहून अधिक अर्थ तुमच्या मुलाच्या तोंडात आधीच आहेत, ते नव्याने पाठ कशाला करायचे?

जिथे मराठी वाट सोडते तेवढेच अर्थ त्याच्याकडून करून घ्या. स्टँडवर कोणाला घ्यायला जाणं म्हणजे ‘पिक अप’, आपण तिथे माणूस ‘उचलत’ नाही. गाडी वेग घेते, वारा जोर धरतो, सर्दी कुठून तरी लागते, रेडिओला स्टेशन लागतं, ही सगळीही ‘पिक अप’ची कामं. उलट ऊसतोडीला किंवा हमालीला जायच्या आधी पैशाची ‘उचल’ घेतात, तिला इंग्रजीत हा शब्द चालणार नाही. भाजी घेऊन चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाणारी ‘पिकअप’ हे नाम आहे, ते जोडून लिहायचं आणि जोर ‘पिक’वर द्यायचा. क्रियापदाचे मात्र दोन सुटे शब्द.

शब्दशः की लाक्षणिक हे ओळखायचं तर कर्म बघायला सांगा. जे उचललं ते हातात मावतं का, जमिनीवरून वर येतं का? येत असेल तर ‘अप’ म्हणजे खरोखरच वर. भाषा, सवय, वेग, बिल यांना वर-खाली नसतं, तिथे अर्थ हललाय एवढं त्याने धरावं. नेमका कुठला, ते वाक्यच सांगतं. फोनच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात, तिथे डोकं शिणवू नये. शब्दांच्या जागेकडे मात्र लक्ष हवं: नाम असेल तर ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ दोन्ही चालतं, पण सर्वनाम मधेच बसतं. ‘पिक इट अप’ बरोबर, ‘पिक अप इट’ चूक. परीक्षेत मार्क खरे इथे जातात.

तो गोंधळतो म्हणजे मठ्ठ आहे असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर मुळीच ऐकू नका. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की मागे ‘अप’सारखे छोटे शब्द लागलेली क्रियापदं परक्या माणसाला सगळ्यात जड जातात. आणि माध्यमाचं म्हणाल, तर सीमाभागातलं पोर मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत रोज ये-जा करतं. त्याला भाषा कळत नाहीत, म्हणून माध्यम बदला, हे मला अजिबात पटत नाही. माझे दीर आजही हाच हेका धरतात. त्यांची मुलं इंग्रजी माध्यमातली, इंग्रजी फर्डं बोलतात, त्याचं मला कौतुक आहे. पण कुठलाही अर्थ कुठून आला विचारा, ‘असंच असतं’ एवढंच उत्तर मिळतं. मी शिकवणीला येणाऱ्या पोरांना आधी मराठी वाक्य म्हणायला लावते, मग इंग्रजी, आणि ती वाक्यं त्यांच्या लक्षात राहतात.

थोडं सांभाळायचंही आहे. ‘लर्न’ आणि ‘पिक अप’ एकाच मापाचे नाहीत. शिक्षक, पुस्तक, गृहपाठ असेल तर ‘लर्न’; कानावर पडून, वावरता वावरता आलं तर ‘पिक अप’. म्हणून मुलाने ‘आय पिक्ड अप अल्जिब्रा अ‍ॅट स्कूल’ लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली, तर मी बाईंच्या बाजूने. अर्ज, औपचारिक पत्र यातही तो शब्द जरा सैल वाटतो, तिथे टाळलेला बरा. आणि बाईमाणसाला ‘पिक अप’ केलं याचा एक वंगाळ अर्थही इंग्रजीत आहे, अनोळखी बाईशी लगट करून तिला बरोबर नेणं असा. स्टँडवरून बहिणीला आणलं असं लिहिताना ‘फ्रॉम द बस स्टँड’ पुढे जोडायला शिकवा, म्हणजे वाचणाऱ्याला शंका राहत नाही. आठवीतल्या मुलाला हे घरातच सरळ सांगितलेलं बरं.