माती ओली असूनही मिरीने मान टाकली तर

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: मे महिन्यात झुडपी मिरीच्या तीन कुंड्या आणल्या. पाऊस लागल्यावर गॅलरीत पागोळ्यांचा मारा नको म्हणून त्या हॉलमध्ये खिडकीशी ठेवल्या आणि वर पांढरी एलईडी पट्टी लावली. आता आठवडाभर पानं लोंबतायत. रोज पेलाभर पाणी चालू आहे, परवा चमचाभर युरियाही घातलात, तरी झाडं उठत नाहीत.

आधी पाणी बंद करा, आजच. युरिया तर नकोच. खाली बशा असतील तर त्या ओता आणि पुसून बाजूला ठेवा. बाकीचं वाचायला मग वेळ आहे.

पान लोंबलं की आपल्या मनात एकच येतं, तहान लागली असेल. कोकणात जुलै महिन्यात हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत त्या घरात कुंडीतली माती रोज कशी वाळेल? हवेतच इतकं पाणी की पानातून बाष्प फारसं बाहेर पडत नाही, त्यामुळे मुळंही पाणी ओढत नाहीत. आपण मात्र वरून ओततच राहतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा संपते. हवेविना मुळं दमतात, मग कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने सुकतं. लक्षण तहानेचं, कारण नेमकं उलटं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गुहागरजवळ आमच्या पडवीत पहिल्या वर्षी मी मिरीच्या दोन कुंड्या अशाच घालवल्या. पान लोंबलं की तांब्याभर पाणी, आणखी लोंबलं की आणखी तांब्याभर. शेवटी कुंडी उपडी केली तर गटारासारखा वास आला. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची तपकिरी साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. तो दोरा मी अजून विसरलेलो नाही.

आता तुमच्या झाडांचं. उद्या सकाळी दिवा लावायच्या आधी पानं बघा. रात्रभरात धडधाकट झाड पाणी भरून घेतं आणि पहाटे ताठ असतं. पहाटे ताठ आणि दिवा लावल्यावर तीन-चार तासांनी लोंबत असेल, तर दिवा फार जवळ आहे. पानांच्या उंचीवर तळहात धरा, ऊब लागली तर पट्टी वर घ्या. मिरी मुळात माडा-पोफळीच्या सावलीतली, तिला प्रखर उजेडाची हौस नाही. पण पहाटेच माना टाकलेल्या दिसल्या, तर घोटाळा मुळांमध्ये आहे. शेंड्याची कोवळी फिकी पालवी मऊच असते, ती लोंबली म्हणून घाबरू नका. जुनी, गडद पानं बघा.

दुसरं, कुंडी उचलून बघा. वजन सवयीने कळतं. सवय नसेल तर उदबत्तीची रिकामी काडी तळापर्यंत खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. काडीला ओली माती चिकटून आली, तर वरची माती कितीही कोरडी दिसो, खाली चिखल आहे. वरून बोट लावून पाणी घालणारे इथेच फसतात.

माझा अंदाज, तुमची माती रोपवाटिकेतलीच असेल, नुसती जांभ्याची लाल माती. ती जमिनीत छान, कुंडीत पाणी पडून पडून घट्ट बसते. आमच्याकडे तळाला कौलाचे तुकडे भरायची पद्धत आहे, त्याने पाणी लवकर निथळतं असा सगळ्यांचा समज. निथळत नाही. कुंडीतली माती तळाचा थोडा भाग कायम ओला धरून ठेवते, खाली तुकडे भरले की तो ओला थर फक्त वर सरकतो, थेट मुळांत. भोकावर एक तुकडा पुरे, माती वाहून जाऊ नये म्हणून.

मुळं कुजलेली निघाली तर घाबरू नका. माती हलक्या हाताने झाडा, मऊ तपकिरी मुळं स्वच्छ कात्रीने काढा, पांढरी आणि कडक ठेवा. जेवढी मुळं गेली त्या मानाने पानंही कमी करा, नाहीतर उरलेल्या मुळांना तो भार झेपत नाही. नवी कुंडी आधीपेक्षा लहान घ्या. इथे सगळे मोठी घेतात आणि परत चिखल करतात. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि नदीची जाडी वाळू सारखी घ्या. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. नारळाच्या सोडणांचे तुकडे घालणार असाल तर दोन-तीन दिवस भिजवून, तांबूस पाणी ओतून टाकून मग घाला. लावल्यावर एकदा पाणी, नंतर काडी सांगेल तेव्हाच. खत नवी पालवी येईपर्यंत नाही. पंखा मंद ठेवा, पण वारा थेट झाडावर नको.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. बुंध्याशी, मातीच्या रेषेवर खोड काळं आणि मऊ पडलं असेल, पानांवर कडेला तंतू सुटलेले काळे डाग असतील आणि पानं भराभर गळत असतील, तर ती मर आहे, फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवाची. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. तीन कुंड्या एकाच ताटात ठेवल्या असतील तर तिन्हींना धोका. तसं झाड वाचवत बसू नका, मातीसकट बाहेर काढा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका. उरलेल्या दोन कुंड्यांत बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक पाणी, घाला: १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये, १० ग्रॅम कळीचा चुना विरवून दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरून संपवा. बोर्डो घातलेल्या मातीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लगेच घालू नका, मोरचूद तिलाही मारतं.

आणि हे विचारून घ्या: तुमचं रोप साध्या फांदीचं आहे की कोलुब्रिनम खुंटावर कलम केलेलं? पायपर कोलुब्रिनम ही मिरीची दक्षिण अमेरिकेतली भावकी, मरीला दाद देत नाही आणि ओलीत खुशाल वाढते. कलमी असेल तर पाण्याचा नियम उलटा होतो, तिला कोरड सोसत नाही. जोडाच्या खालून फुटणारे कोंब मात्र खुडत राहा, नाहीतर वरची मिरी जाईल आणि खालचा खुंटच माजेल.

पानांची टोकं करपली असतील तर ते वेगळं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, त्या पाण्याचं मीठ कुंडीत साठतं. सध्या पागोळीचं पाणी फुकट आहे, तेच वापरा.

उद्या कुंडी उपडी केलीत की मुळांचा आणि बुंध्याचा फोटो टाका. खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. फ्लॅशमध्ये सगळीच मुळं पांढरी दिसतात.