वडिलांचा पाम एम१०० आताच्या लॅपटॉपला कसा जोडायचा?

तुम्ही लिहिलंय की वडील अजूनही पाम एम१०० ही खिशातली डिजिटल डायरी वापरतात, त्यात वीसेक वर्षांचे फोन नंबर आणि टिपणं आहेत. मूळची नऊ पिनांची (सिरीयल) केबलही आहे, पण विंडोज १० च्या लॅपटॉपला ती लावायला जागाच नाही. जोडता येतो. फक्त केबलच्या आधी सेल बघा.

या यंत्राची २ एमबी मेमरी सेलवर जिवंत असते. सेल काढल्यावर आतला विजेचा साठा जेमतेम मिनिटभर पुरतो, मग सगळं पुसलं जातं. २००३ साली मी माझ्या एम१०५ चे दोन्ही सेल काढले आणि नवे आणायला खाली दुकानात गेलो. परत येऊन सुरू केला, तर पडद्यावरच्या खुणेच्या मध्यभागी काडी टेकवायला सांगत होता, खोक्यातून काढला त्या दिवशी सांगितलं होतं तसंच. आईला विचारून विचारून तिच्या माहेरच्यांच्या जन्मतारखा त्यात लिहिल्या होत्या. त्या गेल्या. म्हणून कळकळीने सांगतोय, नवे सेल (रिमोटला लागतात ते बारीक) पाकिटातून काढून हाताशी ठेवा, मगच मागचं झाकण उघडा आणि दोन्ही पटकन बदला.

आता जोडणी. यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर घ्या, शक्यतो एफटीडीआय कंपनीच्या चिपचा. अगदी स्वस्तातल्यांत बनावट चिप असते आणि विंडोज १० वर ड्रायव्हर अडून बसतो. कन्व्हर्टर लावला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली कॉम नंबर (पोर्टचा क्रमांक) दिसेल. तो ११-१२ असा मोठा आला तर प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन ३ किंवा ४ करा. मग पाम डेस्कटॉप ४.१.४ हा पामचा संगणकावरचा प्रोग्राम टाका आणि त्यातल्या, पाम व लॅपटॉपमधली माहिती जुळवणाऱ्या हॉटसिंक मॅनेजरच्या सेटअपमध्ये, 'लोकल' टॅबवर तोच पोर्ट निवडा. ६४-बिट विंडोजवर पामचे ड्रायव्हर चालत नाहीत असं वाचलं असेल तर घाबरू नका. ती अडचण एम५०० सारख्या, यूएसबी क्रेडलवर (जोडणीच्या स्टँडवर) बसणाऱ्या पामची. तुमचा सिरीयल आहे, हे इथे पथ्यावरच पडलं.

पामवर हॉटसिंक चालू करण्याआधी एक काम कराच. हॉटसिंक मॅनेजरच्या 'कस्टम'मध्ये जाऊन पत्ते, तारखा, मेमो आणि कामांची यादी या चारही ठिकाणी 'हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप' निवडा. उलटा पर्याय चुकून राहिला तर लॅपटॉपवरचा रिकामा डेटा पाममध्ये जाईल आणि आहे तेही हातचं जाईल. युजरचं नाव विचारलं तर पाममध्ये आहे तेच द्या. जोडणी अर्ध्यात तुटत असेल तर त्याच 'लोकल' टॅबवर वेग ९६०० पर्यंत खाली आणा. वेळ लागेल, लागू द्या.

वडिलांचा जुना पीसी किंवा त्याची हार्ड डिस्क घरात असेल तर तीही टाकू नका. 'पाम' फोल्डरमध्ये त्यांच्या नावाचं आखूड रूप असलेला एक फोल्डर सापडेल, त्यात जुनी प्रत असते. ती तशीच्या तशी वेगळी उतरवून ठेवा.

मेमो लॅपटॉपवर आले की साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढा, पण वडिलांना शेजारी बसवून. त्या यंत्रावर देवनागरी नव्हती. आम्ही मराठी रोमन अक्षरांत लिहायचो, तेही निम्मी अक्षरं गाळून. 'एसडीयू केके' म्हणजे सदूकाका, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?