जर्मनीला जाणार असशील तर आधी कागद सरळ कर

भावा, जर्मनीला शिकायला जायचं नक्की असेल तर आज रात्रीच पासपोर्ट आणि शिवाजी विद्यापीठाची मार्कलिस्ट शेजारी ठेव आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ. एकीकडं आडनाव आधी, दुसरीकडं शेवटी, कुठं वडिलांचं नावच गायब, हे आपल्याकडं सर्रास चालतं. स्पेलिंगचा फरक असेल तर आत्ताच निस्तर. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, याच कागदांवर मिळतं आणि बहुतेकांचा व्हिसा त्याशिवाय पुढं सरकत नाही.

ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याला, वर्षाचे ११,९०४ युरो लागतात, त्यातले महिन्याला ९९२ तुझ्या हातात येतात. घरचे म्हणतील, उसाचं बिल आलं की भरू. त्यावर विसंबू नकोस, शैक्षणिक कर्ज आधी मंजूर करून ठेव.

खरी धावपळ तिकडं पोचल्यावर. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ‘इथं नोंदणी करता येणार नाही’ म्हणणारी खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस. निवास परवान्याचं सगळं त्या पत्त्यावरच चालतं, कुठल्या शहराच्या कार्यालयात जायचं तेही त्यावरून ठरतं.

परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अपॉइंटमेंट मिळायला मोठ्या शहरांत महिने जातात. म्हणून व्हिसा संपायच्या आत निवास परवान्याचा अर्ज टाकच. वेळेत अर्ज केलास तर निर्णय होईपर्यंत तुझं राहणं कायदेशीर धरतात. तसं तात्पुरतं प्रमाणपत्र मात्र आठवणीनं मागून घे.