डब्यावरचं लेबल आधी वाच

अरे, काल वर्तकनगरच्या जिममध्ये डंबेल जागेवर ठेवलं नाही म्हणून त्या पोराच्या अंगावर धावून गेलास. हात थरथरत होते तुझे, मी पाहिले. प्रोटीन पावडरमुळे चिडचिड होते म्हणतोस, पण तिला दोष देऊ नकोस. रात्री आठला प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधीची तरतरी आणणारी पावडर, घेतोस ना, त्याचं लेबल वाच. अशा पावडरींत एका स्कूपला बऱ्याचदा २००-३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि साधारण पाच तासांनीही त्यातलं निम्मं अंगात उरतं. मग झोप कुठली? अर्धवट झोपेने माणूस चिडतोच. हळूहळू कमी कर; डोकं दुखलं तरी काही दिवसांत थांबेल. सप्लिमेंट म्हणजे वाईटच असंही नाही हं: २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात २३१ तरुण कैद्यांपैकी ज्यांना जीवनसत्त्वं, खनिजं नि फॅटी ॲसिड दिली, त्यांचे शिस्तभंग घटले. बिनलेबलची गोळी मात्र कोणीही दिली तरी घेऊ नकोस, त्यात स्टेरॉइड असू शकतं.